ठरावाआधी मंडळीची दप्तरे वाच

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तरुण संघाच्या वतीने वार्षिक सभेपुढे ठेवायच्या ठरावाचा मसुदा आणि सोबतचे तुझे पत्र मी लक्षपूर्वक वाचले. अमेरिकेतील मंडळ्या, म्हणजे तिथली चर्च, वंशभेदाविरुद्ध उपासना घेतात, पापाची जाहीर कबुली देतात, आपल्या संस्थांचा इतिहास तपासतात, मग कोल्हापुरातल्या आपल्या मंडळीने गप्प का राहावे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्यावर वडीलमंडळातील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहण्यासाठी निवडलेल्या वडिलांपैकी, एकाने ‘आपल्याकडे तसले काही नाही’ असे उत्तर दिले आणि तू दुखावलीस, हेही कळले. ठराव जरूर मांड. परंतु दूरच्या पापाचा निषेध करणे कोणत्याही मंडळीला जड जात नाही. म्हणून तो ठराव ज्या सभेत मंजूर होणार आहे तिची घडण आधी नीट पाहा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तुझ्या मसुद्याचा सगळा रोख द्वेष करणाऱ्या माणसांवर आहे. अमेरिकेतील काळ्या लोकांचे फार मोठे नुकसान मात्र उघड द्वेषाविनाही चालू राहिले, हे समजून घे. १९३०च्या दशकात तिथल्या केंद्र सरकारच्या एका गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार करून घेतले आणि काळ्या लोकांच्या वस्त्या त्यांवर लाल रंगाने दाखवल्या. लाल भाग म्हणजे कर्ज देण्यास धोक्याचा भाग. सरकारी हमीची कर्जे मग गोऱ्यांच्या नव्या उपनगरांकडे वळली. सामान्य कुटुंबाची मुख्य मालमत्ता म्हणजे घर, आणि तिथल्या शाळांचा पैसा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करातून येणारा, त्यामुळे ज्याच्या आजोबांना कर्ज मिळाले नाही त्याच्या वाट्याला शाळाही गरीबच आली. अर्ज बाजूला ठेवणारा कारकून घरी सज्जन असेल, रविवारी चर्चमध्ये मनापासून गातही असेल. त्याने फक्त समोरचा कागद पाळला. ‘आमच्या मनात काही नाही’ असे म्हणणारी मंडळी खरे बोलत असली तरी प्रश्न तिथे संपत नाही, तो या कारणाने.

ख्रिस्ती मंडळ्याही अशा कागदांपासून मुक्त नव्हत्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये काळे उपासक गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्यांना जागेवरून उठवण्यात आले. रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले. १७९४ मध्ये त्यांचे बेथेल चर्च उभे राहिले आणि १८१६ मध्ये त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. ही घटना संताप आणते. मला त्याहून अधिक अस्वस्थ करतो तो दक्षिण आफ्रिकेतील एक शांत, सभ्य भाषेतला निर्णय. केप वसाहतीतील डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७च्या सिनॉडने, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधी सभेने, आधी मान्य केले की, नव्या विश्वासणाऱ्यांना असलेल्या मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. आणि पुढच्याच श्वासात, काहींच्या दुर्बलतेमुळे जिथे ते अडचणीचे होईल तिथे त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत घेण्याची मुभा दिली. दुर्बलता गोऱ्यांची, आणि वेगळे बसायचे ते मात्र इतरांनी. सिनॉडने कोणाचा अपमान केला नाही, कोणाला बाहेर काढले नाही. दुर्बल मानलेल्यांची सोय पाहिली, एवढेच. त्या सोयीतून १८८१ मध्ये वेगळे मिशन चर्च निघाले, आणि १९४८ नंतर अपार्थाइड, म्हणजे सक्तीच्या वर्णविभागणीचे धोरण, राबवणाऱ्या सरकारला चर्चने घालून दिलेला पायंडा आयता मिळाला.

हे मी विस्ताराने लिहितो, कारण मंडळीत अन्याय बहुधा याच दाराने येतो. अमक्या घराण्याला वाईट वाटेल, देणगीदार नाराज होतील, सध्या वातावरण बरे नाही, असे म्हणून एक सवलत दिली जाते, आणि पुढच्या पिढीला ती रीत म्हणून मिळते. दक्षिण आफ्रिकेत ती रीत मोडण्याचा विश्वासाचा शब्द कोठून आला हेही पाहा. ज्यांना वेगळे काढले होते त्याच मिशन चर्चने १९८२ मध्ये बेलहार येथे विश्वासाच्या अंगीकाराचा, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर निवेदनाचा, मसुदा केला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. देव अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे आणि चर्चनेही तिथेच उभे राहिले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्चने २०१६ मध्ये तो आपल्या अंगीकारांत समाविष्ट केला.

कोल्हापूरचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी १८५२ मध्ये इथे आले, तेव्हा त्यांच्या मायदेशात माणसांची खरेदी-विक्री कायदेशीर होती आणि पळालेल्या गुलामाला धरून मालकाकडे परत पाठवण्याचा कायदा दोनच वर्षांपूर्वी झाला होता. १८७० मध्ये इथले काम प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. त्या पंथाची उत्तर-दक्षिण फाळणी अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटले त्या वर्षी, १८६१ मध्ये झाली होती, आणि ती सांधायला १९८३ उजाडावे लागले. ज्यांच्याकडून आपल्याला शाळा, दवाखाने आणि शुभवर्तमान मिळाले त्यांच्याविषयी कृतज्ञ राहूनही हे बोलता येते. उलट दिशेचा धागाही आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, तो आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या इच्छेने. अमेरिकेकडे पाहून त्यांची नजर शूद्रातिशूद्रांच्या दास्याकडे वळली होती. तुझ्या ठरावानेही तशीच वळावे.

कारण आपल्याकडे वर्णाऐवजी जात आहे. या भागातली कितीतरी ख्रिस्ती घराणी महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून प्रभूकडे आली, काही वरच्या मानल्या गेलेल्या जातींतूनही आली. बाप्तिस्म्यात सर्व एक झाले ही आपली श्रद्धा आहे, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने ती निःसंदिग्धपणे सांगितली आहे. तरीही नव्या माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारायचे, गावावरून वाडा आणि वाड्यावरून जात काढायची, आणि मगच मुलीच्या स्थळाचा विषय पुढे न्यायचा किंवा थांबवायचा, ही पद्धत तू जवळून पाहिली आहेस. प्रभुभोजनाच्या मेजाशी सर्व एकत्र येतात आणि लग्नाच्या बोलणीत वेगळे होतात.

‘आपल्याकडे तसले काही नाही’ म्हणणाऱ्या वडिलांशी बोलायचे असेल तर १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशावरून बोल, आणि आदराने बोल. त्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. त्याचा निषेध म्हणून १० ऑगस्ट हा काळा दिवस पाळला जातो, आणि तो निषेध न्याय्य आहे. परंतु सरकारपुढे आपण सांगतो की धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नाही, आणि मंडळीच्या सभेत सांगतो की आपल्यात जात नाही. ही दोन्ही विधाने एकाच तोंडाने करता येणार नाहीत. ते गृहस्थ निष्ठावान आहेत. त्यांना ही विसंगती दाखवून दिलीस तर ते विचार करतील, असा मला भरवसा आहे.

आता प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा, पुन्हा वाच. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होऊ लागली आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना फुटीर ठरवले नाही. बंधुप्रेमावर उपदेश देऊन विषय मिटवला नाही, आणि आधीच्या वाढप्यांची मने शुद्ध होती की नव्हती याची चौकशीही मांडली नाही. त्यांनी मंडळीला सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या स्तेफन, फिलिप्प, निकानोर आदी सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या घरी ताट पोचत नव्हते त्यांच्याच माणसांच्या हाती वाढप दिले गेले. डीकनांच्या, म्हणजे मंडळीतील सेवकांच्या, नेमणुकीच्या वेळी आपण हा उतारा वाचतो आणि सेवेविषयी बोलतो. अधिकार एका गटाकडून दुसऱ्याकडे गेला, ही त्यातली मुख्य गोष्ट मात्र उपदेशांतून बहुतेक वेळा निसटते. मला विचारशील तर व्यवस्थेत मुरलेल्या अन्यायाला मंडळीने द्यायचे उत्तर इथेच आहे.

कोल्हापूरकराला हे परके वाटू नये. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने शाहू महाराजांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घेत, ही आठवण आपल्या शहराला प्रिय आहे आणि ती प्रिय असावीच. परंतु चहाची आठवण ऐकताना आपले काही जात नाही, आणि १९०२ चा हुकूम पाळायचा तर कोणाला तरी जागा सोडावी लागते. मंडळीला दोन्ही हवीत, आणि दुसरे हवे आहे हे तुला सांगावे लागेल.

म्हणून मसुद्यातील निषेधाचा भाग थोडा कमी कर आणि दप्तरे उघडण्याची मागणी घाल. जुनी इतिवृत्ते पाळकांच्या परवानगीने वाच. वडील म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या घरांतून माणसे निवडली गेली, संस्थेच्या शाळेत आणि वसतिगृहात नोकऱ्या कोणाला मिळाल्या, मिशनच्या जागेतील घरे कोणाकडे राहिली, शिष्यवृत्तीची शिफारस कोणी कोणासाठी केली, आणि झाडलोट व भांडी घासण्याचे काम कोणाच्या वाट्याला आले, हे सगळे त्या वह्यांत आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीने असेच आपले जुने हिशेब तपासले. संस्थेच्या मालकीचे गुलाम नव्हते, तरी गुलामगिरीवर पोसलेल्या संपत्तीतून तिला लाभ झाला होता हे त्यातून पुढे आले, आणि २०१९ मध्ये तिने भरपाईपोटी सुमारे २ कोटी ७६ लाख डॉलर बाजूला काढले. ती रक्कम पुरेशी की अपुरी यावर मतभेद होऊ शकतात. शुभवर्तमानातील जकातदार जक्कयाने मात्र पश्चात्तापासोबत चौपट परत देण्याचे वचन दिले होते, आणि तारण त्याच्या घरी आले ते त्यानंतर.

एक गोष्ट कटाक्षाने पाळ. कोणत्याही कुटुंबाची पूर्वीची जात सभेत उच्चारू नकोस आणि यादीत लिहू नकोस. ज्यांनी अपमान सोसला त्यांना व्यासपीठावर बोलावून आपले दुःख सांगायला लावू नकोस. ते सांगायचे की नाही, कधी आणि कोणाला, हे त्यांनी ठरवायचे. संघातील उत्साही मुलांना हे आधीच बजाव, कारण चांगल्या हेतूने केलेली अशी साक्ष त्या घरातील मुलीला पुढे वर्षानुवर्षे छळते. आणि त्यांच्यापैकी कोणी रागाने बोलले तर त्यांना संयमाचा उपदेश करू नकोस. १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले ते त्यांच्या मोहिमेला अवेळी आणि अविचारी ठरवणाऱ्या आठ धर्मगुरूंना उद्देशून होते, हे लक्षात असू दे.

लग्नांचा प्रश्न ठरावाने सुटणार नाही, तो त्यात आणू नकोस. तो तुझ्या पिढीने घराघरांत सोडवायचा आहे, आणि तुम्ही तो सोडवाल अशी मी प्रार्थना करतो.

ठरावाच्या अखेरीस भावनेची वाक्ये आहेत, त्यांच्या जागी नेमके लिही: दप्तरे तपासण्यासाठी समिती नेमावी, ज्या घरांतून आजवर कोणी वडील झाले नाही त्यांच्यातील निदान निम्मे सभासद तिच्यात असावेत, आणि त्यांत स्त्रिया असाव्यात, सहा महिन्यांत अहवाल सर्व मंडळीपुढे वाचला जावा, आणि तोवर कोणतीही नवी नेमणूक बंद दाराआड होऊ नये. शेवटच्या कलमाला विरोध होईल. ते मागे घेऊ नकोस. मसुदा दुरुस्त करून येत्या रविवारी उपासनेनंतर मला दाखव, म्हणजे वार्षिक सभेची विषयपत्रिका निघण्याआधी आपण दोघे तो पाळकांकडे घेऊन जाऊ.

तुझा ख्रिस्तातील हितचिंतक,
कोल्हापूर