पाचोळ्यातला काळा केस

प्रश्न : पावसाळ्यात जंगलातला पाचोळा उचलला की घोड्याच्या शेपटीच्या केसासारखे काळे, चिवट धागे निघतात. ही कशाची मुळं? (कुरखेडा)

मुळं नव्हेत, बुरशीच ती. मरास्मियस गटातल्या बुरशा आपल्या तंतूंची अशी दोरी वळतात. वरून काळी, टणक. एक पान संपत आलं की तिच्या आधारानं दुसरं गाठायचं. हलक्या हातानं ओढून पाहा, चार-पाच पानं तोरणासारखी वर येतील. उतारावर पावसाच्या लोंढ्यात पाचोळा टिकतो, त्यात या दोरीचाही हात असतो. झड लागली की तिच्यावर नखाएवढ्या छत्र्या येतात. उन्हानं त्या सुकून चिमतात, पुढच्या सरीला पुन्हा ताठ! मला तर खायच्या अळंबीपेक्षा यांचंच अप्रूप जास्त.

प्रश्न : सागाच्या पानाची नुसती जाळी उरते. हे बुरशीचंच काम ना? (देवरी)

पान झाडावर असतानाच जाळी झाली असेल तर ती अळीनं केली. बुरशीची खूण वेगळी. खाली पडलेलं, भिजलेलं तपकिरी पान उलटून पाहा. त्यावर पांढुरके चट्टे दिसतील. पानाला ताठपणा देणारं लिग्निन जिवाणूंना फारसं पचत नाही. या बुरशीला पोट नाही, म्हणून ती लॅकेजसारखी विकरं, म्हणजे पाचक रसायनं, पानातच सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. तपकिरी लिग्निन गेलं की मागे फिकट सेल्युलोज उरतं, तोच तो चट्टा. एप्रिल-मेच्या कोरड्या रखरखाटात हे काम जवळजवळ बंद असतं.

प्रश्न : मोह वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतो. राखेचं खत होतंच की! (धारणी)

राखेत पोटॅश राहतं, खरं आहे. पण पानातलं बरंचसं नत्र धुरासोबत उडून जातं, आणि वरच्या थरातली बुरशीही जळते. त्यापेक्षा खराट्यानं पाचोळा बाजूला लोटा, खाली जुनी लुगडी अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात.

प्रश्न : सात्या घरी लावता येतील का? (देवरी)

नाही. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी रानअळंबी. वारुळात उधई, म्हणजे वाळवी, चावलेल्या पाल्या-लाकडाचे गड्डे रचते आणि त्यावर ही बुरशी पोसते. उधईविना सात्या नाहीत. घरी तणसावर धिंगरी अळंबी लावा.