जादूच्या जीवघेण्या स्पर्धेवर किशोरांसाठी कादंबरी लिहितेय, पण वाचणाऱ्यांना धाकधूकच वाटत नाही. काय चुकतंय?

तुम्ही प्रश्नात दिलेला गोषवारा मी दोनदा वाचला. जमिनीखालचं शहर, दर बारा वर्षांनी तिथे भरणारी जादूगारांची स्पर्धा, आगीची, आरशांची आणि सावल्यांची अशा तीन फेऱ्या, जिंकेल त्याची एक इच्छा पूर्ण होणार, आणि सोळा वर्षांची रेवा. तिन्ही फेऱ्या लिहून झाल्या आहेत. ज्यांना वाचायला दिल्या त्यांनी कल्पनांचं कौतुक केलं, पण कोणाचाच जीव टांगणीला लागला नाही. म्हणून तुम्ही विचारताय की फेऱ्या आणखी भयंकर कराव्यात का.

नका करू. दुखणं फेऱ्यांमध्ये आहे असं मला वाटत नाही. तुमच्या गोषवाऱ्यात एका गोष्टीचं उत्तर कुठेच सापडत नाही: आगीच्या फेरीत हात भाजल्यावर रेवा सरळ घरी का निघून जात नाही?

हा प्रश्न मुळात माझ्या भाचीचा. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक कादंबरी लिहायला घेतली होती. नऊ फेऱ्या होत्या आणि प्रत्येक फेरीसाठी मी वेगळा प्राणी, वेगळा मंत्र, वेगळी जागा रचली होती. भाची तेव्हा तेरा वर्षांची, हाताला लागेल ते वाचणारी. पहिल्या दीडशे पानांचं प्रिंट काढून तिला दिलं आणि सोबत एक पेन्सिल. ती पालथी पडून वाचत होती आणि मी बाजूच्या खोलीत बसून पानं उलटल्याचा आवाज ऐकत होते. हळूहळू आवाज भराभर यायला लागला. मला वाटलं, रंगलीय. प्रत्यक्षात ती पानं गाळत होती. बाहेर येऊन तिने विचारलं, "मावशी, हा घरी का जात नाही?"

"अगं, त्याला जिंकायचंय."

"कशाला?"

त्याचं उत्तर मी नवव्या पानावर दोन ओळींत देऊन टाकलं होतं: जिंकणाऱ्याला राज्यातला सर्वश्रेष्ठ जादूगार हा किताब मिळणार. भाचीने नेमक्या त्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "एवढ्यासाठी कोणी मरतं का?"

तेव्हापासून अशी कोणतीही कादंबरी हातात आली की मी आधी बाहेर पडायचं दार शोधते. ते बंद आहे का? कोणी बंद केलं? आणि उघडं असेल, तर पात्र आत का थांबलंय?

'हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर' (२०००) यासाठी पुन्हा वाचा. (शेवट सांगणार आहे. वाचलेलं नसेल तर पुढचे पाच परिच्छेद सोडून द्या.) जादूच्या तीन शाळांमधल्या ट्रायविझार्ड स्पर्धेत सतरा वर्षांखालच्यांना बंदी आहे, ज्यात नावं टाकायची त्या चषकाभोवती वयाची रेषा आखलेली आहे. चौदा वर्षांच्या हॅरीने नाव टाकलेलंच नाही. तरी तीन शाळांचे तीन स्पर्धक ठरल्यावर चषकातून चौथी चिठ्ठी बाहेर पडते, हॅरीच्या नावाची. आणि नियम असा, की चषकातून नाव निघालं म्हणजे जादूचा करार झाला, आता माघार नाही. त्यानंतर मोठी माणसं एका खोलीत जमून भांडतात, नियम उलटसुलट तपासतात आणि शेवटी हतबल होतात. लेखिका रोलिंगबाईंनी हा प्रसंग उरकून टाकलेला नाही. ड्रॅगन अजून पुस्तकात यायचे आहेत, पण दार आपल्या डोळ्यांदेखत बंद झालेलं असतं.

त्याच रात्री हॅरीला पहिली किंमतही मोजावी लागते. त्याचा जिवलग मित्र रॉन, त्याला वाटतं की यानेच गुपचूप नाव टाकलं आणि मला सांगितलं नाही. तो बोलणं टाकतो, ते थेट पहिली फेरी होईपर्यंत. ड्रॅगनच्या नखांपेक्षा हा अबोला मला जास्त लागला होता, आणि माझ्या ओळखीच्या ज्या मुलांनी हे पुस्तक वाचलंय त्यांनाही तोच आधी आठवतो. त्या वयात परीक्षेची भीती असतेच, पण जिवलग मित्र आपल्यावर विश्वास ठेवत नाही यापुढे ती काहीच नाही.

आता जादूबद्दल, कारण तुमच्या पहिल्या फेरीत रेवा ऐनवेळी 'आतला प्रकाश' जागा करून सुटते असं तुम्ही लिहिलंय. तिथे वाचक सुटकेचा निःश्वास टाकत नाही, कारण हा प्रकाश त्याने आधी कधी पाहिलेलाच नाही. हॅरी ड्रॅगनसमोर उभा राहून मंत्राने लांबून आपला उडायचा झाडू बोलावतो. पण त्याआधी तो मंत्र त्याला अजिबात जमत नसल्याचं आपण पाहिलेलं असतं. त्याची मैत्रीण हर्मायनी त्याच्याकडून रात्री दोन वाजेपर्यंत घोटून घेते, वस्तू हवेतून निम्म्यात येऊन खाली पडतात. म्हणून मैदानात मंत्र म्हटल्यावर झाडू येईपर्यंतचे ते काही क्षण आपणही श्वास रोखून बसतो. याउलट दुसऱ्या फेरीआधी, पाण्याखाली श्वास घेता येईल अशी वनस्पती डॉबी नावाचा शाळेतला जादुई घरगडी त्याच्या हातात अगदी शेवटच्या क्षणी आणून ठेवतो. पहिल्यांदा वाचताना मला ही लेखिकेची सोय वाटली होती. शेवटी कळतं की हॅरीला जिंकवू पाहणाऱ्या शत्रूनेच ती गोष्ट डॉबीच्या कानावर पडेल अशी व्यवस्था केली होती. म्हणजे जी फट वाटली तो सापळ्याचाच भाग निघाला. अशी सोय करायचीच असेल तर तिचा हिशोब कथेतच चुकता व्हायला हवा.

पण हे पुस्तक मी पुन्हा पुन्हा उघडते ते हॅरी आणि त्याच्याच शाळेचा दुसरा स्पर्धक सेड्रिक यांच्यासाठी. पहिल्या फेरीत ड्रॅगन आहेत हे सेड्रिक सोडून बाकी सगळ्या स्पर्धकांना कळलंय, हे हॅरीच्या लक्षात येतं. तो सेड्रिकला गाठून सांगून टाकतो. सेड्रिक पुढे त्याची परतफेड करतो आणि दुसऱ्या फेरीची खूण लपलेल्या सोन्याच्या अंड्याचं कोडं कुठे उलगडेल ते सुचवतो. तळ्याच्या फेरीत एका तासात आपल्या माणसाला वर आणायचं असतं. हॅरी सगळ्यांच्या आधी पोचतो, पण बाकीच्यांना कोणी न्यायला येतंय की नाही हे बघत तिथेच थांबून राहतो. वेळ उलटून जाते. परीक्षक या थांबण्याचेच गुण देतात, ५० पैकी ४५, आणि दोन फेऱ्यांनंतर हॅरी आणि सेड्रिक दोघेही ८५ वर येतात. म्हणून चक्रव्यूहात दोघे एकत्रच शिरतात आणि शेवटी विजेत्याला मिळणाऱ्या चषकासमोर उभे राहून "तू घे", "नाही, तू घे" असा वाद घालतात. हॅरी म्हणतो, दोघं मिळून घेऊ.

तो चषक त्यांना थेट स्मशानात नेऊन टाकतो आणि सेड्रिक तिथे काही क्षणांत मारला जातो.

यावर जरा थांबून विचार करा. चार स्पर्धकांपैकी एकच मरतो, तोही स्पर्धेच्या कुठल्याच फेरीत नाही. ड्रॅगन, तळं, चक्रव्यूह यातलं काहीच त्याला मारत नाही. दोन चांगल्या मुलांनी एकमेकांशी चांगलं वागायचं ठरवलं, म्हणून तो तिथे पोचला. ही एवढी एक गोष्ट मनात खोल रुतते, कारण तिथवरच्या प्रत्येक पायरीवर आपण हॅरीला शाबासकी दिलेली असते. माझ्या त्या कादंबरीत पहिल्या चार प्रकरणांत नऊ जण मरत होते. भाचीला त्यातल्या एकाचंही नाव आठवत नव्हतं.

दार उघडं ठेवूनही हे साधता येतं. मॅगी स्टीफव्हाटर यांची 'द स्कॉर्पिओ रेसेस' (२०११) मिळाली तर जरूर वाचा. एका बेटावर दर वर्षी शरदात समुद्रातून मांसभक्षक घोडे वर येतात. माणसं ते पकडतात आणि एक नोव्हेंबरला किनाऱ्यावर त्यांच्या पाठीवर बसून शर्यत लावतात. आज कोणीतरी मरणार, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं आहे. इथे कोणालाही जबरदस्ती नाही. पक नावाच्या मुलीचे आईवडील या घोड्यांनीच मारलेत, तरी ती नाव नोंदवते. कारण तिचा मोठा भाऊ बेट सोडून चाललाय आणि निदान शर्यतीपर्यंत तरी तो थांबेल अशी तिला आशा आहे. किती छोटं कारण! पण ते पटतं. नंतर घर जायची वेळ येते आणि त्या छोट्या कारणाला मोठं कारण येऊन मिळतं. दुसरीकडे शॉन. ज्या घोड्यावर त्याचा जीव आहे तो त्याच्या मालकाचा आहे आणि शर्यत जिंकली तरच तो विकत घेता येणार. पुस्तक दोघांच्या तोंडून आलटूनपालटून येतं, त्यामुळे आपल्याला दोघंही जिंकायला हवे असतात. आणि पहिला तर एकच येणार. सगळा ताण इथून येतो. घोड्यांचे दात भीतीदायक आहेतच, पण मला घाम फुटला तो या दोघांची मैत्री व्हायला लागली तेव्हा.

नियमांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे वेताळाइतका चांगला गुरू नाही. विक्रमाने प्रेत खांद्यावर घेऊन न बोलता चालायचंय. वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो आणि बजावतो, उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होऊन तुझ्याच पायाशी लोळू लागतील. बोललं तर मौन मोडलं, वेताळ पुन्हा झाडावर. एका ओळीत सांगता येणारा नियम, आणि दोन्ही बाजूंनी कापणारा. लहानपणी ऐकताना मला वेताळाची भीती वाटायची नाही, विक्रम आता काय करणार याची वाटायची. तुमच्या आरशांच्या फेरीला मी सात नियम मोजले. त्यातला एकच ठेवा, रेवाला दोन्हीकडून अडवणारा.

आणि तो कुठला असावा याचं बी तुमच्या गोषवाऱ्यातच आहे. रेवाची आई बारा वर्षांपूर्वी याच स्पर्धेत उतरली होती आणि परत आली नाही, असं तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेला आहात. अहो, कादंबरी तिथेच आहे! आई हरली, की जिंकली आणि तिने अशी काहीतरी इच्छा मागितली की परत येणंच शक्य राहिलं नाही? आईच्या वेळी जिंकलेला माणूस आता स्पर्धा भरवणाऱ्यांपैकी एक असेल तर? आरशात आई दिसत असेल आणि तिच्याशी बोललं की फेरी हरली असा नियम असेल तर? मग ज्या मुलीला तुम्ही आगीतून पळवताय, ती आरशासमोर ओठ घट्ट मिटून उभी राहील आणि वाचणारा पान उलटायला घाबरेल. तिथे राक्षसाची गरज नाही.

शिवाय ही स्पर्धा शहराला का हवी आहे, तेही ठरवून ठेवा. सगळं पुस्तकात लिहू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या. जी स्पर्धा मुलांचे जीव घेते ती दर बारा वर्षांनी भरते, म्हणजे कोणाचं तरी त्यावाचून अडत असणार. सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'मध्ये (२००८) जादू नाही, पण हे उत्तर लख्ख आहे: बारा जिल्ह्यांतून दर वर्षी चोवीस मुलं मरायला पाठवली की बंडाची आठवण आणि धाक दोन्ही ताजे राहतात. मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला बळी म्हणून पाठवल्या जाणाऱ्या मुलामुलींच्या ग्रीक कथेतून आपल्याला हे सुचलं, असं त्यांनीच सांगितलंय. तुमच्या शहराचं काय अडतं? जमिनीखाली उजेड कुठून येतो, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. मला तिथे शंका येते.

माझ्या कादंबरीचं सांगायचं तर नऊ फेऱ्यांच्या तीन केल्या. किताब काढून टाकला. आता नायक आपल्या धाकट्या बहिणीच्या जागी उतरतो आणि ते तिला कळू नये म्हणून धडपडतो. यात नवं काही नाही, हे मला माहीत आहे, पण त्याच्या जागी मी असते तर मीही घरी गेले नसते. दुसऱ्या वेळी भाचीला फक्त चाळीस पानं दिली. या वेळी पानांचा आवाज बराच वेळ आलाच नाही. मी जाऊन पाहिलं तर ती स्पर्धेच्या आदल्या रात्रीच्या प्रसंगापाशी अडली होती, जिथे तो झोपलेल्या बहिणीच्या चपला नीट लावून ठेवतो. त्या पानावर एकही मंत्र नाही.

रेवाची आदली रात्र तुम्ही लिहिलेली दिसत नाही. फेऱ्यांना हात लावण्याआधी ती लिहा, आणि जमलं तर इथे टाका. मी वाचेन.