मधुमालतीसाठी कोबा फोडा, एफडी नको

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सांगलीत गावभागात घर, पुढं 10 बाय 14 चं कोबा केलेलं अंगण, उन्हाळ्यात नुसता तवा तापतो म्हणून तिथं मधुमालती लावायचीय, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळा कोबा काढू, पेव्हर ब्लॉक टाकू, वर लोखंडी मांडव, 46,000 द्या. आणि मिस्टर म्हणतात एवढी हौस असेल तर 1 लाखाची एफडी मोड.

एफडीला हात लावू नका. पावती 7.25 टक्क्यांची, 22 महिने झालेत, तुम्हीच लिहिलंय की तेवढ्या मुदतीला तेव्हा व्याजदर 6.8 टक्के होता, त्यातनं मधेच मोडल्याचा 1 टक्का दंड, म्हणजे हातात 5.8 नं व्याज आणि तेही पहिल्या दिवसापासनं, मागचे सगळे 22 महिने धरून. साधारण 2,900 रुपये गेले. पण मला 2,900 चं एवढं वाटत नाही, मला वाटतं ते याचं की घरात अडीनडीला तेवढी एकच रक्कम आहे आणि घर गावभागात आहे. 2005, 2019, 2021, कृष्णामाई किती वेळा येऊन गेली हे तुम्हाला मी काय सांगू. सामान हलवायचं, चार दिवस भाड्यानं राहायचं, नंतर गाळ काढायचा, सगळं त्याच पैशातनं होणार ना?

त्यात पेव्हर ब्लॉक बसतात वाळूच्या थरावर. पाणी चढून उतरलं की खालची वाळू वाहून जाते आणि ब्लॉक खचतात, परत उचकटून बसवायची मजुरी. म्हणून कोबा आहे तो बरा आहे, राहू द्या, फोडायचा तो फक्त रोपाच्या खड्ड्यापुरता.

दुसऱ्या गवंड्यानं एका खड्ड्याचे 3,500 सांगितलेत ते घ्या. 2 बाय 2 फूट, पण आधी कटर मशीननं चारी बाजू कापून घ्यायला लावा, डायरेक्ट घण घातला तर तडा पार दारापर्यंत जातो. जागा घराच्या भिंतीपाशी नको, कंपाउंडकडं घ्या, कारण खाली काळी माती असेल तर ती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, आणि पायाशी रोज बादली ओतत बसलात तर पुढं भिंतीच्या भेगा भरायचा खर्च या 46,000 च्या बापाला जाईल. टाकी कुठंय, ड्रेनेजची लाईन कुठनं गेलीय, हे कापायच्या आधी खडूनं आखून घ्या (आमच्याकडं एकदा नळाचीच पाइप कापली होती, दोन दिवस शेजारनं पाणी). सिमेंटचे तुकडे खड्ड्यात ठेवू नका, चांगली माती, शेणखत, रोप आणि वर चढायला तार, याला अजून हजार-दीड हजार धरा.

म्हणजे सगळं मिळून 5,000. हे दोन महिन्यांच्या घरखर्चातनं निघतंय, तुमचा हिशोब बघितला मी. पुरात रोप गेलंच तर 46,000 पाण्यात जाण्यापेक्षा 5,000 गेलेले सोसतात.

कुंडीचं म्हणाल तर सांगलीच्या एप्रिल-मेत रोज पाणी लागतं, दोन दिवस गावाला गेलात की पानं माना टाकतात.

मांडवाची घाई नाही, वेल आधी तारेवरनं वर पोचू दे. तोवर बँकेत महिन्याला 1,000 ची आरडी टाका, मधे कधीतरी मोडायची वेळ आली तरी एफडी शाबूत राहील. खड्डा मेअखेर करून घ्या आणि जूनमधे दोन चांगले पाऊस झाले की रोप लावा.