हॅलिबटची पिल्ले: प्रतवारीआधी खाद्य कुठे पडते ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॅलिबट (थंड समुद्रातला मोठा चपटा मासा) याची पिल्लं तयार करणाऱ्या नॉर्वेतल्या हॅचरीत तुम्ही नुकतेच रुजू झालात. एकाच तुकडीच्या पिल्लांचे सरासरी वजन 10 ग्रॅम आहे, पण काही 4 ग्रॅमवर अडकलीत आणि काही 18 च्या पुढे गेलीत. काहींचे डोळे जखमी दिसतात. दर आठवड्याला प्रतवारी, म्हणजे आकारानुसार पिल्लं वेगळी, करू का, असं विचारलंय.

एवढ्यात करू नका. आधी दोन दिवस खाद्य द्यायच्या वेळी टाकीजवळ शांत उभे राहा आणि फक्त बघा.

कोकणच्या बाजारात लेप बघत वाढलेल्या माणसाला वाटतं, हा मासा तळाला पडून राहतो, त्याचं कोणाशी काय भांडण असणार? मलाही तसंच वाटायचं. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅलिबटची पिल्लं वाढवताना पहिल्याच महिन्यात तो समज गेला. फीडरखालच्या (खाद्य टाकणाऱ्या यंत्राखालच्या) हातभर जागेत दोन-तीन पिल्लं ठाण मांडून असायची. दाणा पडायच्या आधीच ती डोकं आणि पुढचं अंग तळापासून उचलत, पाठीला बाक देत. शेजारचं लहान पिल्लू जरा सरकलं की झेप, आणि चावा थेट डोळ्यावर नाहीतर शेपटीवर. हॅलिबटचे दोन्ही डोळे उजव्या बाजूला, वर उठून आलेले आणि सतत हलणारे. भुकेल्या माशाला हलणारं ते काही दिसलं की तो तोंड मारतो, असं मला तरी वाटतं. मार खाल्लेली पिल्लं भिंतीला चिकटून राहायची किंवा पृष्ठभागाजवळ उगाच पोहत राहायची. त्या पोहण्यातच त्यांची ताकद जात होती.

म्हणजे टाकीत खाद्य भरपूर होतं, पण ते एकाच जागी पडत होतं आणि त्या जागेला मालक होते. आम्ही खाद्य टाकीभर पसरून, दिवसातून जास्त वेळा आणि सावकाश द्यायला लागलो तेव्हा चावे उघड कमी झाले. हे करायला प्रतवारीइतके कष्ट नाहीत आणि माशाला हातही लागत नाही.

आता लहान पिल्लं खरंच दबलीत की मुळातच अशक्त आहेत, हे कसं ओळखायचं? घाऊक वजन करून सरासरी काढलीत तर हे कधीच कळणार नाही. किमान 50 पिल्लं एकेक करून तोला. प्रमाण विचलनाला (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत तो आकडा) सरासरीने भागून 100 ने गुणा. सरासरी 10 ग्रॅम आणि विचलन 3 ग्रॅम असेल तर तफावत 30 टक्के. हा आकडा दर वेळी वाढत असेल तर टाकीत वरचढपणा चालू आहे असा संशय घ्या. मग लहानातली काही पिल्लं वेगळ्या टाकीत ठेवा आणि रोजची टक्केवारीतली वाढ काढा: शेवटच्या आणि सुरुवातीच्या वजनांच्या नैसर्गिक लॉगमधला (कॅल्क्युलेटरवरचं ln) फरक, भागिले दिवस, गुणिले 100. 5 ग्रॅमचं पिल्लू 35 दिवसांत 10 ग्रॅमचं झालं तर रोज साधारण 2 टक्के. लहान माशाची टक्केवारी एरवी मोठ्यापेक्षा जास्त असायला हवी. वेगळं केल्यावर ती उसळली, तर त्याला शेजाऱ्यांनी दाबलं होतं. नाही उसळली, तर दोष आधीचा आहे: आजार, किंवा रूपांतराच्या काळात (उभं पोहणारं पिल्लू चपटं होतं आणि एक डोळा दुसऱ्या बाजूला जातो तेव्हा) डोळा नीट सरकला नाही, रंग नीट भरला नाही. अशी पिल्लं हॅलिबटमध्ये निघतातच, त्यांना प्रतवारीने फरक पडत नाही. (नर-मादीचा फरक इथे शोधू नका. नर लवकर वयात येऊन मागे पडतात खरे, पण ते बरंच पुढे.)

दर आठवड्याच्या प्रतवारीला माझा विरोध अनुभवातून आलाय. एका हंगामात मी स्वतः तसं केलं. प्रत्येक वेळी आधी उपास, मग जाळी, मग दोन-तीन दिवस भूक मंद. वर प्रत्येक नव्या गटात कोण वरचढ हे नव्याने ठरायचं, म्हणजे चावे पुन्हा सुरू. एकूण वजनात काहीच हाती लागलं नाही. डोळे फुटत असतील तर मात्र चावणारी मोठी पिल्लं आणि जखमी पिल्लं लगेच बाजूला काढा, त्याला थांबू नका.

हे सगळं प्रत्येक चपट्या माशाला जसंच्या तसं लावू नका. जपानच्या हिरामेची पिल्लं तळाला बसल्यावर लहान भावंडांना सरळ गिळतात, तिथे प्रतवारी वेळेवर हवीच. सेनेगल सोल उलट शांत वाटतो, पण वरचढ मासा दुसऱ्याच्या अंगावर डोकं टेकवून बसतो. दिसायला निवांत, असतो तो दरारा.

गर्दीचा हिशेब घनमीटरवर न करता तळाच्या चौरस मीटरवर करा, कारण हे मासे पाण्यात कमी आणि तळावर जास्त राहतात. फार दाटी झाली की हॅलिबट वर पोहायला लागतो आणि वाढ मंदावते.

टाकीचा व्यास, फीडर किती आणि कुठे, दिवसात किती वेळा खाद्य आणि पाण्याचं तापमान, एवढं लिहा. एकेका पिल्लाची वजनं टाकलीत तर तफावत मी काढून देतो.