अण्णांनी वगळायला लावलेले वाक्य

“आजार बरा होणार नाही हे वडिलांना माहीत आहे, पण तुमच्यामागे काय राहावे, असे त्यांना विचारले तर ते खचणार नाहीत का?” नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. त्यावर एक अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, सांगते.

निफाड तालुक्यातील पंचाहत्तरीचे द्राक्षबागायतदार अण्णा, स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचलेला. ते दिवसेंदिवस अबोल होत चालले, तेव्हा घरच्यांनी जमिनीच्या वाटणीची चिंता असणार असे गृहीत धरले. वास्तविक मृत्युपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांसह कधीच तयार होते.

कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांच्या पद्धतीत रुग्णाला आयुष्यातील महत्त्वाच्या गोष्टी विचारून त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात, लिहून काढतात आणि त्यालाच वाचून दाखवून दुरुस्त करून घेतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १०० रुग्णांच्या अभ्यासात ४७ टक्के रुग्णांनी जगण्याची इच्छा वाढल्याचे सांगितले होते. नैराश्यावरचा उपचार म्हणून मी ही पद्धत वापरत नाही, मात्र “शेवटची इच्छा काय?” या विचारण्यापेक्षा “नातवंडांना तुमच्याविषयी काय ठाऊक असावे?” हे विचारणे माणसाला बोलते करते, असा माझा अनुभव आहे.

अण्णा दोन बैठकांत भरभरून बोलले. द्राक्षवेलींची एप्रिलमधली खरड छाटणी, गारपिटीत गेलेली बाग, त्यांना शिकता यावे म्हणून शाळा सोडलेला थोरला भाऊ, हे सारे आले. त्यातच “धाकट्याने बागेकडे पाठ फिरवली” हेही आले. अशी वाक्ये मी परस्पर गाळत नाही, पण वाचून दाखवताना तिथे मुद्दाम थांबते, कारण बोलणारा गेल्यावर लिहिलेल्या शब्दाचा खुलासा कुणाकडे मागायचा? अण्णा बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ते काढा. लिहा, धाकट्याच्या हातात मी कधी कात्री दिलीच नाही. चुकीची काडी कापेल, असं वाटायचं.”

आठवड्याने पुण्याहून आलेल्या धाकट्याला त्यांनी उशाखालची प्रत काढून दिली. तो वाचत असतानाच, छाटताना काडीवर किती डोळे, म्हणजे नवी फूट येण्याच्या जागा, राखायचे ते अण्णा बोटांवर मोजून दाखवू लागले.