फाटलेला मांडा खाली का सरकवलात?

पत्र मोठं होतं, कामापुरतं छापते आहे:

"ताई, मी अमळनेर तालुक्यातली. 31 वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्याकडे मांडे, म्हणजे हातावर ओढून मातीच्या खापरावर भाजलेल्या पुरणपोळ्या, सासूबाई करायच्या. मी शाळेतून येईपर्यंत दुरडी भरलेली असायची. त्या आता नाहीत, त्यांचं खापर माळ्यावर आहे. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक-जावई पुण्याहून यायचे आहेत, तेव्हा म्हटलं आपणच शिकावं. गावातल्या बचत गटातली एक जण मांड्यांच्या ऑर्डरी घेते आणि रविवारी सकाळी पाच-सहा जणींना शिकवते. तिच्याकडे जायला लागले. ती माझीच जुनी विद्यार्थिनी, गणितात कशीबशी 35 वर सुटायची. हाताला तोड नाही, पण शिकवता अजिबात येत नाही. पीठ किती, पाणी किती, कणीक किती वेळ आपटायची, काही सांगत नाही. 'आशे करानं, बाई' म्हणते, करून दाखवते आणि झालं. मी तिला दोनदा सुचवलं की आधी कृती टप्प्याटप्प्याने फळ्यावर लिही. आता बाकीच्या चौघींना मीच सगळं उलगडून सांगते. शिकायला मला कमीपणा वाटत नाही. साने गुरुजीसुद्धा धुळ्याच्या तुरुंगात विनोबांपुढे वही घेऊन बसले होतेच, तशी मीही वही भरते आहे. चार रविवार झाले. त्या चौघींचे मांडे जमायला लागले, त्यातली एक तर सातवीपर्यंतच शिकलेली. माझा फाटतो. फाटलेला मी चौघडी घालून दुरडीत खाली सरकवते, ते असो. ज्याला शिकवता येत नाही त्याच्याकडून शिकायचं कसं? क्लास सोडू, की शिकवायचं कसं हे आधी तिलाच समजावू?"

बाई,

"ते असो" म्हणून तुम्ही पुढे निघून गेलात. मी तिथेच बसले आहे.

तुमचं पत्र तीन पानांचं. समास सोडलेला, अक्षर फळ्यावरचं, आणि अख्ख्या पत्रात एकही शब्द खोडलेला नाही. पैज लावते, आधी कच्चं लिहून मग हे पक्कं केलंय. माझी हरकत नाही, पत्र पक्कं करूनच पाठवावं. पण तुम्ही मांडाही पक्का करून पाठवताय, आणि तो कच्चा असतानाच तिला दिसायला हवा होता.

तुम्हाला तुमच्याच भाषेत विचारते. पोराने 63 वजा 27 बरोबर 44 लिहिलं. चूक आहे. पण ही 44 बघितल्या बघितल्या तुम्हाला कळतं ना, की याने 7 मधून 3 काढले, 6 मधून 2 काढले, हातचा घेण्याची भानगडच केली नाही? दुसऱ्या पोराने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिलं. वर वरची बेरीज, खाली खालची. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते त्या दोन आकड्यांत उघडं पडलेलं असतं. म्हणूनच तुम्ही वर्गात ओरडत असणार: रबर वापरायचा नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारा, मला चूक दिसली पाहिजे. सगळ्याच गणिताच्या बाया ओरडतात. आमच्याही ओरडायच्या.

आणि रबराने भोक पडेपर्यंत खोडणारं, मग पानच फाडून दप्तरात कोंबणारं एक पोर प्रत्येक वर्गात असायचं. त्याला तुम्ही काय म्हणायचात, ते आता स्वतःला म्हणा.

कारण मांडा एकसारखा फाटत नाही. बारीक बारीक भोकं चाळणीसारखी पडली, तर पुरणात डाळीचा कण राहिलाय, वाटण कमी पडलं. मधोमध फाटला, तर हातावर फिरवताना सगळा ताण मध्यावर आला, किंवा नख लागलं, किंवा बांगडी मागे सारायची राहिली. ओढताना पदर मागे मागे येतोय, ताणलाच जात नाही आणि मग एकदम तुटतो, तर कणकेला विसावाच मिळालेला नाही. भिजवून, आपटून झाल्यावर ती झाकून ठेवावी लागते तेव्हा कुठे ती लवचिक होते. पुरण एका बाजूला गोळा होऊन तिथूनच सुटलं, तर पुरण घट्ट आणि कणीक सैल, दोघींचा मऊपणा जुळलेला नाही. खापरावर टाकताना हातातून निसटून फाटला, तर तो वेगळाच किस्सा, तिथे बहुतेक वेळा भीती असते. खापर तापलेलं, खाली पऱ्हाट्यांचा जाळ, हात आधीच मागे येतो.

मांडे करणाऱ्या बाईला हे सगळं एका नजरेत कळतं. तुम्हाला 44 कळते तसं. पण त्यासाठी तिला भोक दिसायला लागतं. तिला दिसते ती चौघडी, चारी पदर जुळवलेली, भोक आत. मग तिने काय दुरुस्त करायचं? चार रविवार ती तुमच्या दुरडीकडे बघून मनात म्हणत असेल, बाईंना जमतंय की! आणि तुम्ही मला लिहिताय की तिला शिकवता येत नाही.

बाकीच्या चौघींचे मांडे का जमले, हे मला पत्रातूनच दिसतं. त्यांचे फाटतात तेव्हा त्या "माय व!" म्हणून ओरडतात. ती वळून बघते, येते, हात धरते. तेवढ्यात तुम्ही तिचं बोलणं उलगडून सांगायला पुढे होता. ऐकताना त्यांचे हात कणकेत असतात. तुमचे हात हवेत.

गणितात समजावून सांगता आलं म्हणजे आलं, हे खरं. दुसऱ्याला सांगता सांगता आपलंच पक्कं होतं. म्हणून तुम्हाला वाटतं इथेही तसंच होईल. इथे नाही होत. मांडा तोंडाने येत नाही. तिच्या "आशे करानं" मध्ये पीठ-पाण्याचं प्रमाण नाही म्हणून तुम्ही चिडता, पण ते प्रमाण तिलाही शब्दांत माहीत नसेल. गहू बदलला की पाणी बदलतं, हवा बदलली की पुन्हा बदलतं. ते तिच्या बोटांना कळतं. फळ्यावर काय लिहिणार ती? "कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ लागली की थांबा"? लिहिलं तरी तुम्ही कंसात ग्रॅम विचाराल.

साने गुरुजींना मध्ये आणलंत म्हणून सांगते. 1932 साली, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय असे 18 रविवार विनोबा गीतेवर बोलले आणि गुरुजींनी ते लिहून घेतलं. त्याआधी सहा वर्षं ते तुमच्या अमळनेरात प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, म्हणजे मास्तरने वही घेऊन बसल्याचा दाखला म्हणून गोष्ट बरोबर आहे. पण विनोबा बोलत होते, म्हणून लिहिणं हेच तिथलं काम होतं. विनोबा मांडे करत असते तर गुरुजींनी लेखणी ठेवून बाह्या वर सारल्या असत्या. वहीने तुम्हाला फक्त कडेला बसायला जागा दिली आहे.

ती 35 गुणांची गोष्ट मी सोडून देणार होते. पण ती पत्राच्या पहिल्या पानावर आहे, आणि फाटलेला मांडा शेवटच्या पानावर. मला वाटतं, एक आहे म्हणून दुसरं आहे. तिच्यापुढे चुकायचं नाही. दुसऱ्या कुणापुढे चाललं असतं. पुण्याच्या एखाद्या अनोळखी बाईच्या क्लासला गेला असतात, तर पहिल्याच दिवशी हसत हसत भोक दाखवलं असतंत. तिच्याबद्दल मला कळवळा आलाय असं समजू नका. ती ऑर्डरी घेते, कमावते, तिचं ती बघून घेईल. मला काळजी माळ्यावरच्या खापराची आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, भरलेल्या दुरडीचं. 31 वर्षं तुम्ही दुरडी भरलेलीच बघितली. वरपासून खालपर्यंत अख्खे मांडे. फाटलेले कुठे जायचे, कधी विचारलंत? आमच्याकडे आई फाटलेला मांडा दुरडीत ठेवायचीच नाही. तो चुलीपाशी ताटलीत वेगळा पडायचा आणि आम्ही पोरं तो फाटण्याची वाट बघत बसायचो, कारण गरमागरम आणि रसाच्या आधी मिळायचा तो तोच. तुमच्याही घरी, तुम्ही शाळेत असताना, ताटली असणारच. तुमच्या पोरीला आठवत असेल. तिला फोन करून विचारा, मला उत्तर माहीत आहे असं वाटतंय.

आता काय करायचं ते ऐका. क्लास सोडायचा नाही. तिला शिकवायचं कसं हे शिकवायचं नाही. येत्या रविवारी वही घरी ठेवायची. बांगड्या मागे सारून सगळ्यांबरोबर कणकेत हात घालायचे, आणि पहिला मांडा फाटला की त्याची घडी घालायची नाही. तो तसाच, उघडा, भोकासकट ताटात घ्यायचा, तिच्यापुढे धरायचा आणि विचारायचं, "हा कुठून बिघडला गं?"

नेमकं हेच विचारा. "बरोबर आहे ना?" असं विचारलंत तर ती "हो, बाई" म्हणेल. हे उत्तर ती तुमच्याच वर्गात शिकली आहे. तुम्हाला चूक सांगायची तिला सवय नाही, ते तिला अवघड जाईल, आधी हसेल, पदराला हात पुसेल, "चालतं बाई, खाता येतो" म्हणेल. तुम्ही ताट मागे घेऊ नका. पुन्हा विचारा. मग ती बोट ठेवेल. कुठे ठेवते ते बघा, आणि ती बोलत असताना तिचं वाक्य पूर्ण करू नका. तुमच्या जिभेवर ते येईल, 31 वर्षांची सवय आहे. तोंडात त्याच मांड्याचा तुकडा टाका म्हणजे बोलता येणार नाही.

दुसरा फाटला तरी हेच. तिसरा फाटला तरी हेच. आखाजीला अजून तीन रविवार आहेत, आणि ऊन 44 वर गेलंय म्हणून चुलीपाशी बसणं नको वाटतं, असली सबब मला लिहून पाठवू नका.

झाल्यावर फोटो पाठवा. चौघडी घातलेला नको. भोक दिसेल असा पाठवा.