डच चित्रांतली ती खेडी खरी होती का?

तुम्ही विचारलंय की, सतराव्या शतकातल्या डच निसर्गचित्रांतली खेडी, पवनचक्क्या, गाईगुरं खरोखर तशीच होती की चित्रकारांनी मनानं रंगवली. माझं मत असं: एकेक वस्तू बहुतेक खरी, मांडणी मात्र बऱ्याचदा रचलेली. चित्रकार बाहेर हिंडून रेखाटनं करत आणि तैलचित्र घरी चित्रशाळेत बसून रंगवत. तेवढ्या वेळात टेकड्याही वाढायच्या!

याकोप व्हान रॉइसडाल या डच चित्रकाराचंच बघा. बेंटहाइमचा किल्ला जर्मनीच्या हद्दीत, एका बेताच्या टेकडीवर आहे. १६५३ च्या चित्रात यानं तो झाडीनं भरलेल्या उंच डोंगरावर नेऊन बसवलाय. सपाट मुलखातल्या माणसाला डोंगराची हौस असणारच.

पण याच माणसानं १६७० च्या सुमारास रंगवलेलं हार्लेमचं दृश्य पाहा (हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे). दोन तृतीयांश चित्र नुसतं ढगांचं, दूरवर सेंट बाव्हो चर्च आणि खाली हिरवळीवर अंथरलेले पांढरे पट्टे. ते पट्टे म्हणजे लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड. हार्लेमचा हा मोठा धंदा होता: कापड क्षाराच्या पाण्यात उकळायचं, ताकात भिजवायचं आणि कित्येक दिवस उन्हात गवतावर पसरून शुभ्र करायचं. वाळूच्या टेकड्यांतून झिरपणारं स्वच्छ पाणी तिथं मिळे, म्हणून धंदा तिथं. हा धंदा काही कल्पनेतला नाही.

मला जास्त बोलकं वाटतं ते न रंगवलेलं. १६१२ मध्ये बेम्स्टर हे अख्खं तळं पवनचक्क्यांनी उपसून कोरडं केलं, पैसा मुख्यतः ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचा. सरळ रस्ते, सरळ कालवे, चौकोनी शेतं. गावाकडचा त्या काळातला एवढा मोठा बदल, पण चित्रांत तो क्वचितच दिसतो. चित्रं घेणारे बहुतेक शहरातले. त्यांना भिंतीवर वाकडी पायवाट, जुनं झाड आणि मोडकळीला आलेली झोपडी हवी असावी.

अपवाद पाहायचा तर मेइंडर्ट हॉबेमाचं १६८९ चं 'मिडलहार्निसचा रस्ता' पाहा, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नाकासमोर जाणारा रस्ता, दुतर्फा छाटलेली काटकुळी झाडं, बाजूला रोपांच्या वाफ्यात काम करणारा माणूस. हॉबेमा तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये वाइनची पिंपं मोजायची नोकरी करत होता. गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळायची त्याला फारशी गरज नसावी, हा आपला माझा अंदाज.